झोद्वानं भरवलेलं दूध

फार वर्षांपूर्वीची ही हकिकत. झुलूंच्या मुलखात गोऱ्या बोअर शेतकऱ्यांच्या गाड्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या. गाड्यांमागून बंदुका आल्या, कुरणांवरून जुंपली आणि दोन्हीकडची तरणीताठी माणसं मातीत गेली. झाडपाल्याची औषधं देणाऱ्या झोद्वाचा एकुलता एक मुलगा लांगाही त्यातच गेला.

महिनाही झाला नसेल, तोच झोद्वाला नदीकाठी एक मोडकी गाडी दिसली. आत हेस्टर नावाची बोअर बाई तापानं फणफणली होती. दिवस भरत आलेले, नवरा लढाईत पडलेला आणि तांडा पुढे निघून गेलेला. झोद्वाला राग आला नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. चांगला पोटातून आला. ती पाठ फिरवून निघालीसुद्धा. शंभर पावलं गेली आणि परतली. असं म्हणतात, ती जिथून परतली तिथे तापावरचा पाला उगवला, तो अजून उगवतो.

तिनं हेस्टरला आपल्या झोपडीत आणलं. तीन दिवस काढा पाजला. चौथ्या दिवशी झोद्वाचा दीर झेम्बे भालेवाले घेऊन दारात उभा राहिला.

"वहिनी, बाजूला व्हा. लांगाचा सूड घ्यायचाय."

झोद्वा वाद घालत बसली नाही. भोपळ्यात विरजलेल्या घट्ट दुधाला तिथे अमासी म्हणतात. ते फक्त घरच्यांनी खायचं. ज्यानं खाल्लं तो घरचा झाला, आणि घरच्याचं रक्त सांडलं तर पितर तोंड फिरवतात. झोद्वानं लांगा ज्यातून खायचा तो भोपळा काढला आणि सगळ्यांसमोर हेस्टरला भरवायला घेतलं. हेस्टरला काय कळणार! भुकेली होती बिचारी, खात गेली.

"वहिनी, काय केलंत हे! आपल्या पोराचा सूड घालवलात!"

"सूडावर पहिला हक्क माझा होता, भाऊजी. तो मी हिला भरवला," झोद्वा म्हणाली आणि धाय मोकलून रडली.

असं म्हणतात, भाले इतके जड झाले की चार-चार जणांनी एकेक उचलून परत नेला.

पुढे बोअर स्वार वस्ती जाळायला आले, तेव्हा हेस्टर तान्ह्या लेकीला घेऊन त्यांच्या वाटेत उभी राहिली. "ही माझी माणसं आहेत. आधी आम्हा दोघींना मारा." असं म्हणतात, घोड्यांनी पुढे पाऊलच टाकलं नाही. लोक उगाच घोड्यांना श्रेय देतात. स्वार परत गेले, वस्ती वाचली.

नदीकाठी ती मोडकी गाडी होती तिथे आजही दगडांची रास आहे. झुलू असो की बोअर, वाटसरू तिथे दोन दगड ठेवतो. पहिला झोद्वाच्या नावानं. दुसरा लांगाच्या नावानं, आणि तो ठेवण्याआधी, सूड राहून गेला म्हणून, त्याची माफी मागतो.