सैल दोरी

त्या राज्यात स्वतः मैदानात उतरून कुणीच खेळत नसे. खेळ खाली दरीत चाले आणि खेळणारे वर कड्यावर बसून असत. मैदानात प्रत्येकाची एक लाकडी बाहुली उभी असे. तिला बांधलेल्या लांबच लांब दोरीचे दुसरे टोक कड्यावर मालकापाशी, त्याच्या जागेवरच्या खुंटीला बांधलेले. दोरी ओढली की बाहुली उडी मारे. खेळ जोडीजोडीने चाले. मचाणावरून तांबडा चेंडू सुटे आणि ज्याची बाहुली तो आधी झेलेल, त्याची जोडी जिंके.

सगळ्या दोऱ्या वाटेत एका जुन्या वडाच्या ढोलीतून जात. ढोली कोरली तेव्हा राज्यात शंभर खेळाडू होते. आता हजारावर होते आणि ढोली तेवढीच होती. दोऱ्या एकमेकींवर घासत, अडकत, आणि वर दिलेला झटका खाली पोहोचेपर्यंत बराच वेळ जाई. त्यातून एक रीत पडली. खेळाआधी दोरीला हलकासा हिसका द्यायचा आणि बाहुली मान डोलावेपर्यंत आकडे मोजायचे. मंडळी एकमेकांची खुशाली विचारायच्या ऐवजी "आज किती?" असे विचारत. "पाच" म्हणणाऱ्याचा सगळे हेवा करत आणि "नऊ" म्हणणाऱ्याला गुपचूप सावलीतली जागा देत.

खंड्या या खेळात आला तो आपल्या झेपेच्या भरवशावर. तो नदीवरचा पक्षी. त्याने सूर मारला आणि मासा निसटला, असे कधी झाले नव्हते. पण इथे त्याची बाहुली खांबासारखी उभी राही, चेंडू तिच्या नाकासमोरून खाली पडे आणि मग ती ऐटीत उडी मारे.

"अरे, ओढ ना!" त्याचा जोडीदार सरडा ओरडे.

"ओढली रे! केव्हाच ओढली!"

खंड्या वडापाशी तक्रार घेऊन गेला. तिथे दोऱ्यांची देखरेख करणारी घोरपड बसलेली असे. तिने मान वर न करताच सांगितले, "दोष तुमच्याच टोकाला असणार. गाठ सोडा, परत बांधा." खंड्याने गाठ अकरा वेळा सोडली आणि अकरा वेळा बांधली. गाठ तेवढी दगडासारखी घट्ट झाली.

शेवटी सरड्यानेच तोड काढली. "चेंडू सुटायची वाट कशाला बघतोस? आपली दोरी सातची. चेंडू हातात यायच्या सात आकडे आधीच ओढायची."

खंड्या ते शिकला. डोळ्यांना दिसते त्यावर नव्हे, तर अजून घडायचे आहे त्यावर झेपावायला शिकला. जोडी जिंकू लागली, कड्यावर त्याचे नाव निघू लागले, आणि खोटे कशाला सांगा, त्याला ते फार आवडले. घरी दोन पिल्ले होती, पण ती नदीकाठच्या बिळात सुखरूप होती आणि मासे काय, नदीत होतेच.

एका सकाळी त्याने मासा हेरला आणि सूर मारला. मासा अजून दगडापलीकडे होता. खंड्याची चोच चिखलात रुतली. त्याला वाटले, ऊन डोळ्यांवर आले असेल. दुसऱ्यांदाही तेच झाले. त्याने दिवसभर नदीवर जिवाचे रान केले, पण प्रत्येक वेळी तो सात आकडे आधी पाण्यात आणि मासा हलकेच माघारी वळलेला. तीन दिवस पिल्लांनी चतुर आणि नाकतोडे खाल्ले. चौथ्या दिवशी धाकट्याने चोच उघडलीच नाही. तो नुसता बघत राहिला.

खंड्या थेट मोराकडे गेला. मैदान मोराच्या ताब्यात होते. मोर मोठ्या प्रेमाने म्हणाला, "बरं झालं आलास. उद्या उत्सव आहे. सगळ्या बाहुल्यांना जरीचे अंगरखे चढवतोय. तुझ्या बाहुलीला वर तुराही देईन म्हणतो."

"तुरा नको. ढोली रुंद करा."

"करू की, पुढच्या पुनवेला."

"अशा तीन पुनवा झाल्या."

"अरे, पण तुरा निळा आहे," मोर म्हणाला. त्याला खरेच कळत नव्हते की याला आणखी काय हवे आहे.

खंड्याचा निर्णय त्या क्षणी झाला, आणि एकदा झाल्यावर त्याला हलके वाटले.

उत्सवाच्या दिवशी कडा फुलून गेला होता. अंगरख्यांमुळे बाहुल्या जड झाल्या होत्या आणि दोऱ्यांची संख्याही वाढली होती. "आज किती?" कुणी विचारले की उत्तरादाखल नुसते हात वर होत, मोजता मोजता आकडेच संपत. खंड्या आपल्या जागेवर आला आणि गाठ सोडू लागला.

"हे काय करतोस?" सरडा घाबरला. "आपण पहिल्या दहात आहोत! निदान आजची फेरी तरी खेळ. माझ्यासाठी."

"तुझ्यावर राग नाही रे. पण मी इथे बसतो आणि तिकडे माझी झेप बिघडते. पोरं उपाशी आहेत."

"सगळेच सोसतायत की."

"सोसू देत. मी चाललो."

अकरा वेळा बांधलेली गाठ सुटता सुटेना. खंड्याने पाय रोवले, चोचीत दोरी धरली आणि जीव खाऊन एक हिसका दिला. गाठ सुटली. दोरीचे टोक दगडावर टाकून तो उडाला. सरड्याने एकदाही मागे न बघता मैदानावर नजर लावली आणि सवयीने मोजायला सुरुवात केली.

नदीवर खंड्या वाळक्या फांदीवर बसला. दगडापलीकडे मासा चमकला. खंड्याच्या अंगातून जुनी घाई उसळली, पंख उघडलेही. त्याने फांदी घट्ट धरली. मासा दगडाला वळसा घालून आला. खंड्या थांबला. मासा अगदी खाली आला, दिसला, खरोखर तिथेच होता. तेव्हा त्याने सूर मारला.

धाकट्याने आधी नुसता वास घेतला. मग चोच उघडली. शेपटीही न टाकता त्याने अख्खा मासा गिळला आणि आणखी हवा म्हणून असा काही आरडाओरडा केला की खंड्याला हसू फुटले. तो पुन्हा फांदीकडे निघाला, तेवढ्यात दरीतून प्रचंड गलका ऐकू आला.

गाठ सोडवतानाचा हिसका आत्ता कुठे मैदानात पोहोचला होता आणि खंड्याच्या बाहुलीने नुकतीच उडी मारली होती. तांबडा चेंडू तिच्या हातात होता. मचाणावरून खंड्याचे नाव पुकारले जात होते, आणि मोर स्वतः तिच्या डोक्यावर निळा तुरा खोवत होता. सरडा मोजायचा थांबला, आनंदाने शेजारी वळला आणि त्याला दगडावर पडलेले दोरीचे सुटे टोक दिसले.