पाखऱ्याची उडी

“पण याला उडी का शिकवायची नाही, महाराज?”

पाखऱ्या शिंगराच्या मानेवर हात ठेवून सटवाजीनं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

भीमेच्या काठी निरंजनगिरी गोसाव्यांचा मठ होता. मठ कसला, एक धुनी, एक छप्पर आणि दहापाच घोडी. गोसावी एके काळी सरकारी पागेत चाबुकस्वार होते. कोरी शिंगरं हाती घ्यायची आणि शहाणी करून द्यायची, हे त्यांचं काम. मग एक दिवस सगळं सोडून ते इथे राखेत येऊन बसले. सटवाजी त्यांच्याकडे ती विद्या शिकायला येऊन राहिला होता. पोरगा हाताचा हुशार, पण हे त्याचं त्यालाच जरा जास्त ठाऊक होतं.

“पाखऱ्याला चालायला शिकव, थांबायला शिकव,” महाराज म्हणाले. “उडी नको.”

“तुम्ही स्वतः एवढे घोडे उडवलेत!”

“उडवले.”

“मग?”

“उडी मारणारा घोडा लढाईत आधी खंदकावर नेतात. माझा एकही परत आला नाही.”

“आणि तुम्ही?”

महाराजांनी धुनीत लाकूड सारलं.

“मी इथे बसलोय ना...”

म्हातारा भ्यायलाय, सटवाजीनं मनाशी ठरवून टाकलं. अशा माणसाच्या हाताखाली राहून आपल्याला पागेत कोण विचारणार?

महाराज दुपारी नदीवर गेले की तो पाखऱ्याला छपरामागे न्यायचा. शिंगराची पाठ अजून कोवळी, तेव्हा वर बसायचा प्रश्नच नव्हता. जे शिकवायचं ते जमिनीवर उभं राहून. आधी त्यानं एक ओंडका नुसता मातीत आडवा टाकला आणि दोर धरून शिंगराला त्यावरून चालवलं. मग तोच ओंडका दोन दगडांवर ठेवला. आपण आधी उडी मारायची, पलीकडे वळून उभं राहायचं, दोर सैल सोडायचा आणि जिभेनं टिचकी वाजवायची. मुठीत भिजवलेले हरभरे. काही दिवसांनी हरभरेही लागेनात. पलीकडे सटवाजी दिसला की पाखऱ्या कान टवकारून यायचा आणि पोटाखाली पाय घेऊन अलगद उतरायचा.

त्याच्या नाकाचा ऊन श्वास तळहाताला लागला की सटवाजीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

एके दुपारी ओंडका जागेवर नव्हता. सटवाजीनं धुनीकडे पाहिलं. ओंडका तिथे जळत होता आणि महाराज शेजारी बसून राख सावरत होते.

दुसऱ्या दिवशी सटवाजीनं दगडांवर आपली काठी आडवी टाकली.

पुढे पाखऱ्याची पाठ भरली, आणि सरकारी फौजेनं शत्रूच्या किल्ल्याला वेढा घातला. पागेचे हवालदार माणसं घेऊन मठाच्या दारात आले. दारासमोर पावसाच्या पाण्यासाठी खणलेला रुंद चर होता. तिथे त्यांनी एकेक जनावर आणून उभं केलं. उडालं ते घ्यायचं, अडलं ते सोडायचं, असा सरळ हिशेब होता.

पाखऱ्याची पाळी आली. परक्या माणसानं दोर ओढला तसे त्यानं चारी पाय रोवले. मागून चाबकाचा कोरडा बसला. अंगभर थरथरला, पण हलला नाही.

“भित्रं आहे,” हवालदार म्हणाले. “सोडा त्याला.”

धुनीपाशी महाराजांनी डोळे मिटले. त्यांनी श्वास सोडलेला सटवाजीला दिसला.

आता गप्प बसायचं होतं, एवढंच. पण त्याची कानशिलं तापली. भित्रं? माझं शिंगरू भित्रं?

“सरकार, एक डाव मला बघू द्या!”

“सटवा...” महाराजांची हाक आली.

तोवर त्यानं चरावरून उडी टाकली होती. पलीकडे वळून तो उभा राहिला आणि जिभेनं टिचकी वाजवली.

पाखऱ्यानं कान टवकारले. हिसका देऊन दोर सोडवला, दोन ढांगा टाकल्या आणि आला. अशी उडी त्या काठावर कुणी पाहिली नव्हती. पलीकडे उतरून त्यानं सटवाजीच्या तळहातात नाक खुपसलं.

“शाब्बास!” हवालदारांनी आपला शेला काढून सटवाजीच्या खांद्यावर टाकला. “असं जनावर आघाडीला हवं. आणि तूही चल. आमच्या मागच्या तळावर राहा, अशीच शिंगरं तयार कर.”

हेच तर त्याला हवं होतं. तरी त्यानं पाखऱ्याची आयाळ घट्ट धरली.

“सरकार, मी याच्याबरोबर आघाडीला येतो.”

हवालदार हसले. “वेडा आहेस का? शिकवणाऱ्याला खंदकावर कोण नेतो?”

परक्या माणसानं दोर धरला. पाखऱ्या चार पावलं मुकाट चालला, मग मान वळवून बघू लागला. सटवाजी मागून येतोय का, ते बघत होता. वळणाच्या पलीकडूनही त्याचं खिंकाळणं ऐकू येत राहिलं.

सटवाजी धुनीपाशी येऊन पाया पडायला वाकला. महाराजांनी पाय आखडून घेतले.

“महाराज, शिव्या द्या. पण काहीतरी बोला...”

महाराजांनी विझत आलेलं लाकूड पुढे सारलं.

“उद्या खंदकापलीकडून त्याला कोण बोलावणार, सटवा?”