पोचे आलेला तांब्या

त्या राज्यात तांब्या-पितळेची भांडी राहत. सर्वांत खाली हंडा, त्यावर घागर, मग कळशी, अशी त्यांची उतरंड होती. एकमेकांवर नीट बसायचं आणि आवाज करायचा नाही, ही तिथली रीत. सर्वांत वरची जागा तांब्याची होती आणि ती बरीच वर्षं रिकामी होती.

तांब्या दूरदेशी फिरत होता. म्हातारा होऊन परतला, तेव्हा त्याच्या अंगावर तीन पोचे होते. आनंदाने पुढे होऊन त्याने घागरीवर कपाळ आपटलं. लाकडी मगांच्या देशात भेटल्यावर असंच करत.

सगळी उतरंड हलली.

"आल्या आल्या भांडण?" घागर म्हणाली.

"भांडण नव्हे, वहिनी. तिकडे हाच रामराम."

"तिकडे असेल. इथे झोपमोड होते."

"वर ये आधी," खालून हंडा म्हणाला. "तुझी जागा राखून ठेवलीय."

तांब्या वर बसला, पण पोच्यांमुळे कलंडू लागला. कळशीही डगमगली.

"हातोड्याकडून ठोकून घे," हंडा म्हणाला. "या वयात एकटा कुठे राहशील?"

हातोडा स्वभावाने वाईट नव्हता. विचारून ठोकायचा.

"हा कुठला?"

"लाकडी मगाचा. पहिल्या भेटीचा."

"आणि हा?"

"दगडी खलाचा. वादळात त्याने मला मांडीत धरलं होतं."

"हा तर फारच खोल."

"मातीच्या मडकीबरोबर गाडीतून पडलो. मी खाली झालो."

"ती?"

"वाचली. मी निघेपर्यंत माझ्याजवळ बसून होती."

हातोड्याने पहिला पोचा काढला. तिथलं तांबं नव्यासारखं चमकलं. तो दुसऱ्याकडे वळला, तोवर तांब्या त्या मगाचा आवाज आठवून पाहत होता. आवाज येईना. चेहराही येईना.

"राहू दे, बाबा," तो म्हणाला.

वरची जागा एका फुलपात्राला मिळाली. ते बरोबर बसलं. तांब्या अंगणाच्या कडेला आडवा पडून राहू लागला. सणावारी घागर उतरंडीतूनच विचारायची, "बरा आहेस ना?" तो "हो" म्हणायचा.

एका थंड सकाळी त्याच्या दोन पोच्यांत दव साचलं होतं. लांबून आलेलं एक पाखरू त्याच्यावर उतरलं. एका पोच्यातलं पाणी प्यालं, मग दुसऱ्यातलं. बाजूची, हातोड्याने गुळगुळीत केलेली जागा त्याला सगळ्यांत जास्त पाण्यासारखी दिसली. त्याने तिथे चोच टेकवली. टक् असा आवाज झाला. पाखराने मान वाकडी करून जरा वेळ पाहिलं, आणि ते उडून गेलं.