भिजवलेली भाकरी

"...मग याला काय म्हणायचं, स्वामी?"

महांतेशने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता तोच पुढे बोलू लागला.

"महिनाभर दाढ ठणकतेय. कोणाला सांगितलं नाही. तुम्हालाही नाही. फक्त पूजेला बसलो की शिवाला सांगत होतो. आणि तेव्हापासून भिक्षेत कडक भाकरी आलीच नाही. मऊ भात येतो. आमटीत भिजवलेली भाकरी येते. काल तर गव्हाची खीर. एका घरून नाही, गल्लीतल्या सगळ्या घरांतून!"

चन्नय्या स्वामी ओट्यावर बसून तुरीच्या डाळीतले खडे वेचत होते.

सोलापूरच्या पुढे, कर्नाटकाला लागून असलेल्या एका बाजाराच्या गावात त्यांचा लहानसा मठ होता. महांतेश त्यांचा शिष्य. शिवशरणांची वचनं तोंडपाठ, आवाज खणखणीत, पूजेत कधी खंड नाही. अनुग्रह मिळाला की शेजारच्या गावच्या मठाची गादी त्यालाच मिळणार, असं लोक बोलत. तोही ते ऐकून होता.

"शिवाने माझं ऐकलं," महांतेश म्हणाला. "आता तरी अनुग्रह द्याल ना?"

स्वामींनी एक खडा उचलून बाजूला टाकला.

"भिक्षा कोणी वाढली?"

"शिवानेच."

"शिवाच्या हातात बांगड्या होत्या का?"

महांतेश त्यांच्याकडे पाहू लागला.

"काचेच्या होत्या का? हिरव्या?"

"मी... पाहिलं नाही. भिक्षेला जाताना नजर खाली ठेवायची, असं तुम्हीच शिकवलंत."

"पायात काटा जाऊ नये म्हणून शिकवलं होतं."

स्वामींनी आणखी एक खडा वेचला. मग स्वामींनी हात पुढे केला.

"झोळी दे."

महांतेशने खांद्यावरची झोळी काढून दिली. स्वामींनी ती घडी करून स्वतःच्या मांडीखाली ठेवली.

"आज काही मागायचं नाही. नुसता गावातून फिरून ये."

"फिरून काय करू?"

"ते मला काय विचारतोस..."

महांतेश निघाला. मनातून तो दुखावला होता. चालताना रिकाम्या हातांचं काय करावं, तेही त्याला कळत नव्हतं.

एसटी स्टँडवर गाडी सुटायला आली होती. एक म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन लांबून येत होती. तिला घाई करणं जमत नव्हतं. लेडी कंडक्टर दारात उभी राहून आतल्या लोकांवर ओरडत होती. "थांबा म्हटलं ना! तुमची आई असती तर गाडी सोडली असती का?" म्हातारी पोचली तशी तिने गाठोडं वर ओढून घेतलं. मग म्हातारीवरही ओरडली. "आजी, उद्यापासून घरनं लवकर निघत जा!"

गाडी गेली. महांतेश तिथंच उभा राहिला. त्याला वाटलं, ही कंडक्टरबाई रोज इथं असणार. आपणही रोज इथूनच जातो.

पुढे पेरू विकणारी एक बाई उन्हात बसली होती. तिची छत्री मात्र तिच्या डोक्यावर नव्हती. शेजारी, दिवस भरत आलेली एक पोर गाडीची वाट पाहत बसली होती. छत्री तिच्यावर कलती करून ठेवली होती. दोघी एकमेकींशी बोलतही नव्हत्या. ओळख असावी असंही दिसत नव्हतं.

दाढ पुन्हा ठणकली. गाल दाबून धरत तो भिक्षेच्या गल्लीत वळला, ते केवळ सवयीने.

"शरणार्थ, स्वामी."

पहिल्याच घराच्या उंबऱ्यात एक बाई उभी होती. पन्नाशीची, सावळी, कपाळावर ठसठशीत विभूती. आजवर हे घर त्याला दारावरच्या निळ्या रंगाने ओळखू येत होतं. आज त्याने पहिल्यांदा तिचा चेहरा पाहिला.

"आज झोळी कुठंय? दाढ लईच दुखतीय का?"

महांतेशचा हात गालावरून खाली आला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"न कळायला काय झालं? गालाला हात लावून उभं ऱ्हात होता की दारात. आमच्या मामंजींचं असंच व्हायचं. घास चावायचा म्हटलं की डोळ्यांत पाणी." ती हसली. "म्हणून भाकरी भिजवून वाढाय लागले. मग म्हटलं, मी एकटीनं देऊन काय होतंय, पुढच्या घरी कडकच मिळंल. म्हणून शेजारच्या नीलव्वाला सांगितलं. तिनं पुढं सांगितलं."

"गल्लीत सगळ्यांना?"

"तर! कालची खीर त्या कोपऱ्यावरच्या शकुंतलाबाईंची. मुद्दाम केली होती. गोड होती का?"

"...गोड होती."

त्याला मठातलं बोलणं आठवलं. शिवाने ऐकलं असं आपण गुरूंना छाती पुढे काढून सांगितलं होतं. आणि इकडे या बायका दारादारात उभ्या राहून आपल्या दाढेबद्दल बोलत होत्या. वाईट वाटायला हवं होतं. त्याने ते वाटण्याची वाट पाहिली. वाटलं नाही. उलट छातीत काहीतरी सैल झालं.

"तुमचं नाव काय, अव्वा?"

"काशव्वा. एवढी वर्षं येताय, आज विचारताय होय?" तिला त्याचा राग आलेला दिसला नाही. तिने आतून लवंग आणून त्याच्या तळहातावर ठेवली. "ही धरा दाढेखाली. आणि सरळ दवाखान्यात जावा. देवाला कशाला तरास द्यायचा? नीलव्वा निघालीच आहे तिकडं, तिच्यासंगं जावा."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी दाढ पाहिली आणि ती काढायला हवी असं सांगितलं. महांतेश खुर्चीतून उठू लागला. शबाना नावाच्या नर्सबाईंनी मागे उभं राहून त्याचं कपाळ दोन्ही हातांनी धरलं.

"स्वामी, ओरडायचं असलं तर मोठ्यानं ओरडा," त्या कानाशी म्हणाल्या. "मी कुणाला सांगणार नाही."

तो ओरडला. वचनं म्हणायच्या त्याच खणखणीत आवाजात ओरडला. बाहेर बाकावर बसलेली नीलव्वा धावत आत आली.

उन्हं कलल्यावर महांतेश मठात परतला. गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. स्वामींची डाळ निवडून झाली होती.

तो समोर बसला आणि बोलू लागला. कंडक्टर, छत्री, काशव्वा, नीलव्वा, शकुंतलाबाईंची खीर, शबानाबाईंचे हात. अर्धे शब्द कापसात अडकत होते.

"बोलू नकोस. रक्त येईल," स्वामी म्हणाले.

त्याला थांबवत नव्हतं. बोलता बोलता तो हसत होता आणि डोळे भरून येत होते. अनुग्रहाची आणि शेजारच्या गादीची गोष्ट त्याने काढली नाही. ती काढायची राहून गेली, हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

शेवटी तो दमला. मठाच्या भिंतीपलीकडून गाईगुरं परतल्याचा आवाज येत होता. कुठल्या तरी घरी चूल पेटली होती.

"स्वामी... एक विचारू?"

"विचार."

"या बायकांनी ना दीक्षा घेतली, ना काही वाचलं. मग हे त्यांना कोणी शिकवलं?"

स्वामी उठले. मांडीखाली दाबून सुरकुतलेली झोळी त्यांनी झटकली आणि स्वतःच्या हाताने त्याच्या खांद्यावर अडकवली.

"उद्या दारोदार जाऊन त्यांनाच विचार," ते म्हणाले. "बहुतेकींना यात शिकवण्यासारखं काय, तेच कळणार नाही. पण जिला याचं उत्तर देता येईल... तिच्या घरची भिक्षा तेवढी घेऊ नकोस."