सिद्राम शंभर टक्के पूर्ण होतो

एका गावात एक भोळा गडी होता. गावाला त्याच्या भोळेपणाचं काही वाटत नव्हतं, कारण त्याच्यासारखी शेंगाचटणी कुणाला कुटता येत नव्हती. नाव सिद्राम. सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करायचं, एवढा एकच गुण त्याच्यात होता. तो जरा जास्तच होता.

गाव सोलापूरकडचं. गावात शेंगाचटणीचा कारखाना, आणि कारखान्यात सिद्राम सहा वर्षं रोजंदारीवर. त्याची बायको महानंदा तीन महिने माहेरी होती. भांडण वगैरे काही नव्हतं. सासऱ्यांनीच, म्हणजे मल्लप्पांनी, तिला नेऊन ठेवलं होतं आणि निरोप धाडला होता की जावई कायम झाल्याचं पत्र घेऊन येतील तेव्हा पोरगी पाठवू, तोवर नाही. महानंदानंही चोरून एक निरोप धाडला होता. लवकर कायम व्हा, मला इथं करमत नाही. सिद्रामलाही करमत नव्हतं. जेवताना तो अजून दोन पाट मांडायचा आणि मग एक उचलून ठेवायचा.

त्याच सुमारास मालकांनी कारखान्यात एक कॉम्प्युटर आणून बसवला. सांगितलं की ह्यावर स्वच्छतेचा ऑनलाइन कोर्स आहे, महिनाअखेरपर्यंत जो पूर्ण करेल तो कायम. शिकवायला शहरातून पल्लवी मॅडम आल्या. मॅडम हुशार होत्या, मनानं चांगल्या होत्या, आणि सिद्रामला ओळखत नव्हत्या.

पहिल्या दिवशी त्यांनी पासवर्ड म्हणजे काय ते समजावलं. ही तुमची किल्ली. आपली आपण ठरवायची, लक्षात ठेवायची आणि कुणालाही सांगायची नाही. आईला नाही, बायकोला नाही, मला तर नाहीच नाही. सिद्रामनं मॅडमना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि पासवर्ड ठरवला.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या तर सिद्राम पडद्यासमोर बसलेला. पडद्यावर पासवर्ड विचारलेला. चौकोन रिकामा.

"विसरलात का?"

"न्हाई की. चांगला ध्यानात हाय."

"मग भरा."

सिद्राम इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "हे बेणं सकाळधरनं इचारतंय, मॅडम. मी काय सांगितला न्हाई."

मॅडम हसल्या. पहिल्या आठवड्यात त्या हसत होत्या. त्यांनी सांगितलं की कॉम्प्युटरला तो सांगायचाच असतो, ह्याला लॉगिन म्हणतात. आधी नाव, मग पासवर्ड, मग आत. त्याशिवाय कुणालाही आत घेतलं जात नाही, अगदी मालक आले तरी. आणि तीनदा चुकलं की अर्धा तास दार बंद.

"आलं ध्यानात," सिद्राम म्हणाला. आणि खरंच आलं होतं. घोळ तिथंच होता.

त्या आठवड्यात गेटवरचा वॉचमन भावाच्या लग्नाला गेला होता, म्हणून सिद्रामला गेटवर बसवलं. दहा वाजता मालकांची गाडी आली. मालकांनी हॉर्न दिला. सिद्राम आडव्या दांड्यामागून म्हणाला, "नाव?"

मालक म्हणाले, अरे मी.

"चुकीचं हाय. पुन्हा प्रयत्न करा."

मालकांनी नाव सांगितलं. मग सिद्रामनं पासवर्ड विचारला. मालकांनी एक शिवी दिली. सिद्राम म्हणाला की हाही चुकीचा आहे, दोन झाले, आता एकच राहिला. मालकांनी दुसरी शिवी दिली, ती पहिलीपेक्षा मोठी होती, पण पासवर्ड ती नव्हती. सिद्रामनं गेटला कुलूप घातलं आणि घड्याळात बघत बसला. अर्धा तास झाल्यावर त्यानं कुलूप काढलं आणि मालकांना अदबीनं म्हणाला की आता पुन्हा सुरुवातीपासून.

मालक गाडीतून उतरून चालत आत गेले. उन्हानं आणि रागानं त्यांचं टक्कल तांबडं झालं होतं. त्यांनी सिद्रामला बोलावून रीतभातीच्या चार गोष्टी सांगितल्या. मोठा माणूस समोर आला की उठून उभं राहायचं. हात जोडायचे. तो बोलेल ते मुकाट ऐकायचं, मध्ये बोट घालायचं नाही, आणि तो जा म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही.

"आलं ध्यानात," सिद्राम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कोर्सचा पहिला व्हिडिओ होता. पडद्यावर कोट घातलेले एक सर आले आणि हात कसे धुवावेत ते सांगू लागले. सिद्राम ताडकन उठला आणि हात जोडून उभा राहिला. दोन मिनिटांनी सर थांबले आणि खाली 'पुढे' असं बटण आलं. सरांचं तोंड उघडं, एक हात वर, हाताला फेस. सिद्राम वाट बघू लागला. एवढ्या मोठ्या माणसाला बोट कसं लावायचं?

नऊ वाजल्यापासून एक वाजेपर्यंत सर तसेच होते आणि सिद्रामही तसाच होता. येणारेजाणारे वाकून बघायचे. एका म्हातारीला वाटलं की पूजा चालली आहे, तिनंही चप्पल काढून नमस्कार केला.

जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी येऊन बघितलं. पडद्याच्या वरच्या कडेला एक पट्टी होती, ती नखाएवढी हिरवी झाली होती. मॅडम म्हणाल्या की हा प्रोग्रेस बार. तुमचं किती झालं ते हा दाखवतो. तुमचे चार टक्के झालेत. मग त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. कोर्सचे पाच भाग, प्रत्येक भागाला म्हणायचं मॉड्यूल. एक मॉड्यूल शेवटपर्यंत पूर्ण संपवल्याशिवाय दुसरं उघडत नाही. कितीही गयावया केली तरी उघडत नाही.

"आलं ध्यानात," सिद्राम म्हणाला, आणि त्या दिवसापासून तो 'पुढे' दाबू लागला. पट्टी हळूहळू हिरवी होत गेली. घरी जाऊन तो आईला रोजचे टक्के सांगायचा. आईला टक्के कळत नसत, पण सून जवळ येत चालली आहे एवढं कळायचं.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात लातूरचे एक मोठे व्यापारी माल बघायला आले. मालकांनी त्यांना बसवलं आणि सिद्रामला नमुने दाखवायला सांगितलं. सिद्रामनं तीन बरण्या मांडल्या. शेंगांची, जवसाची, कारळ्याची. अर्ध्या अर्ध्या किलोच्या. व्यापाऱ्यांनी शेंगांची चिमूटभर चटणी तोंडात टाकली, वाहवा केली आणि म्हणाले, जवसाची दाखव.

सिद्राम म्हणाला, "आधी ही पूर्ण करा."

व्यापारी म्हणाले की झाली की, चाखली.

"एक टक्का झाली," सिद्राम म्हणाला. "एक संपल्याबिगर दुसरं उघडत न्हाई."

मालक आत फोनवर होते. व्यापारी भिडस्त होते, त्यांना वाटलं इकडची रीत असेल. ते खात राहिले. सिद्राम शेजारी बसून बरणी बघून सांगत होता, आता दहा टक्के, आता वीस, हिंमत सोडू नका. तिसाव्या टक्क्याला व्यापाऱ्यांच्या डोळ्यांतून आणि नाकातून एकदम पाणी आलं. पस्तिसाव्याला ते उठले आणि अंगणातल्या हौदाकडे पळाले. जवसाची आणि कारळ्याची बरणी उघडलीच नाही.

मालकांनी कपाळाला हात लावला. मग सिद्रामला समोर उभं करून त्यांनी शब्द तोडून तोडून सांगितलं, की गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणायचं नाही. काहीही विचारू दे, हसायचं आणि हो म्हणायचं.

"आलं ध्यानात."

दुसऱ्या दिवशी क्विझ होती. मॅडमनी सांगितलं की ही परीक्षाच, पण घाबरू नका. दहा प्रश्न, हो किंवा नाही. संधी दोन.

पडद्यानं विचारलं, नखं वाढवून चटणी कुटावी काय? सिद्राम हसला आणि त्यानं 'हो' दाबलं. शिंक आली तर भांड्यावरच शिंकावं काय? हो. जमिनीवर पडलेल्या शेंगा उचलून पुन्हा भांड्यात टाकाव्यात काय? हो. सिद्राम इतका गोड हसत होता की मॅडमना लांबून वाटलं, स्वारी पास झाली.

दहापैकी दोन आले. मॅडम आता हसत नव्हत्या. महिना संपायला एक दिवस होता आणि संधीही एकच होती. त्या खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "सिद्राम, कॉम्प्युटर राहू द्या. तुम्ही चटणी कशी करता ते मला सांगा."

सिद्रामनं सांगितलं. हात कसे धुतो, नखं कशी काढतो, डोक्याला फडकं कसं बांधतो, खाली सांडलेली शेंग कोंबड्यांना कशी टाकतो, शिंक आली तर उठून बाहेर कसा जातो आणि परत हात धुऊनच कसा बसतो. सांगताना एकदाही अडखळला नाही. चटणीच्या बाबतीत तो मुळीच भोळा नव्हता.

मॅडम म्हणाल्या की झालं तर मग, हेच तिथं सांगा.

दहापैकी दहा आले. पट्टी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी झाली आणि खाली अक्षरं आली, 'अभिनंदन, शंभर टक्के पूर्ण'. सिद्रामला रडू आलं. मॅडमनाही थोडं आलं, पण त्यांनी ते दमल्यामुळे आलं असं सांगितलं.

मग सिद्राम ते तसंच उघडं टाकून आईला दाखवायला बोलावून आणायला पळाला. तेवढ्यात मुकादम येऊन त्याच खुर्चीवर बसला आणि आपलाच कोर्स समजून दोन तास सिद्रामच्या नावावर शिकत राहिला. कळल्यावर त्यानं कारखाना डोक्यावर घेतला. मॅडमनी मुकादमाला शांत केलं आणि सिद्रामला शेवटची गोष्ट सांगितली. पूर्ण झालं की लॉगआउट करायचं. म्हणजे पूर्ण झालं असं दिसलं रे दिसलं, की तिथं रेंगाळायचं नाही. उठायचं, बाहेर पडायचं आणि घरी जाईपर्यंत मागं वळून बघायचं नाही.

"आलं ध्यानात," सिद्राम म्हणाला. मॅडम त्याच संध्याकाळच्या गाडीनं शहरात गेल्या.

कायम झाल्याचं पत्र मिळालं. सिद्राम धुतलेला सदरा घालून सासुरवाडीला गेला. आईला सांगून गेला की दिवे लागायच्या आत सुनेला घेऊन येतो, ओवाळायला भाकरतुकडा तयार ठेव.

मल्लप्पांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. शिक्का बोटानं चाचपून बघितला. दाराआड महानंदा श्वास रोखून उभी होती. मग मल्लप्पा म्हणाले, "जावईबापू, माझं काही म्हणणं राहिलं न्हाई. झालं आता सगळं पूर्ण."

महानंदा नवं लुगडं नेसायला आत पळाली. आणि इकडे सिद्राम उठला, त्यानं नमस्कार केला आणि तो बाहेर पडला.

पत्र मल्लप्पांच्या हातातच राहिलं होतं. सासूबाई अंगणात मिश्री लावत बसल्या होत्या. मल्लप्पांनी त्यांच्या हातात पत्र कोंबलं आणि जावयाला द्यायला पिटाळलं. सासूबाई पळाल्या. हाक मारायची सोय नव्हती, तोंड मिश्रीनं भरलं होतं.

सिद्रामला मागं पावलं ऐकू आली, बांगड्या ऐकू आल्या. त्याचं काळीज सुपाएवढं झालं. तीन महिन्यांनी महानंदा मागून चालत होती. एकदा बघावं असं त्याला फार फार वाटलं. पण त्यानं मान ताठ ठेवली आणि पावलं उचलली. एसटी उभीच होती. तो चढून पुढच्या बाकावर बसला. सासूबाई पत्र द्यायला चढल्या, कंडक्टरनं घंटा मारली आणि गाडी सुटली. सासूबाई मागच्या बाकावर आदळल्या.

सिद्रामनं समोर बघतच दोन तिकिटं काढली. कंडक्टरनं मागं बोट करून विचारलं, ह्या तुमच्याच का? सिद्राम लाजून म्हणाला, माझंच माणूस.

सासूबाईंनी बोलायचा प्रयत्न केला, पण समोर पाटी होती, 'गाडीत थुंकू नये'. सासूबाई कायदा पाळणाऱ्या. खिडकीची काच जाम होती. उं उं एवढाच आवाज निघत होता. सिद्रामला वाटलं, माहेर सुटतंय म्हणून रडते आहे. मग तो समोरच्या काचेकडे बघत हळू आवाजात तिची समजूत घालू लागला. गप, रडू नको. तुझ्याबिगर मला जेवण जात नव्हतं. आणि आता काय, सुटलीस तू. तुझा बाप एकवेळ बरा, पण तुझी आई म्हणजे निव्वळ कजाग बाई. रोज तिचं तोंड बघायचं म्हणजे काय खायचं काम आहे?

मागचा उं उं एकदम बंद झाला. सिद्रामला बरं वाटलं.

घराच्या दारात आई भाकरतुकडा घेऊन उभी होती. सिद्राम अंगणात येऊन थांबला. त्याच्या मागं सासूबाई आल्या. अंगणाच्या कडेला जाऊन त्यांनी तोंड मोकळं केलं, पदरानं पुसलं, हातातलं पत्र कमरेला खोचलं आणि पदर बांधला.

आईनं सिद्रामकडे बघितलं, मग त्याच्या मागं बघितलं. "सिदू," ती म्हणाली, "मागं बघ जरा."

"अजून उंबरा ओलांडला न्हाई, आई," सिद्राम म्हणाला. "तू ओवाळ तिला."