कासवांचा राखणदार

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. तिथे धाकू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखंच करायचा. घोळ तिथेच होता.

गावातले तात्या समुद्री कासवांची अंडी जपायचे. त्यांनी धाकूला राखणीला ठेवलं. म्हणाले, “अंडी दिसली की कोल्हा यायच्या आत उचल. कुंपणात नेऊन वाळूत पूर.”

धाकू घरी गेला. चुलीशेजारी पाटीत अंडी! कोल्हा दिसत नव्हता, पण यायला कितीसा वेळ लागतो? सगळी नेऊन पुरली.

“अवो, कोंबडीची होती ती!” बायको ओरडली.

“मग तर कोल्हा नक्कीच आला असता.”

तात्यांनी समजावलं, “बाबा, आधी वाळूत माग बघ. मादी सरकत गेल्याचा रुंद पट्टा उमटतो. त्याच्या टोकाला खण.”

सकाळी धाकूला पट्टा दिसला. चांगला रुंद. पट्टा काशीकाकूंच्या अंगणात गेला. काकूंनी माडाची झापं ओढत नेली होती. धाकू दारातच खणायला लागला. काकू बाहेर आल्या त्या थेट खड्ड्यात.

“मेल्या, काय शोधतोस?”

“अंडी, काकू. कुठे घातलीत?”

तात्यांनी कपाळाला हात लावला. “उद्या शाळेची मुलं येणार. पिल्लं सोडायला मोठे साहेब येणार. आता चुकलास तर राखण दुसऱ्याकडे!”

“अवो तात्या, ह्यांना कासवच नीट सांगा ना,” बायको काकुळतीने म्हणाली.

“ऐक. पाठ मोठी. पोटावर सरकतं. फुसफुसतं. डोळ्यांतून पाणी गळतं. हात लावायचा नाही. माणसं मागे सारायची. समुद्राची वाट मोकळी ठेवायची.”

धाकूने रात्रभर घोकलं.

दुसऱ्या दिवशी इवली पिल्लं तुरुतुरु पाण्यात गेली. मुलं टाळ्या पिटत होती. “मोठी झाली की ह्याच किनाऱ्यावर परत येतील,” तात्यांनी मुलांना सांगितलं. धाकूने एकालाही बोट लावलं नाही. तात्यांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात फोटोसाठी साहेब ओल्या वाळूत उतरले. घसरले. पोटावर आपटले. डोळ्यांत खारं पाणी गेलं. फुसफुसत सरकायला लागले.

“अरे, हात द्या कुणीतरी!” साहेब ओरडले.

“मागे व्हा!” धाकू गरजला. “कुणी हात लावायचा नाही!” तात्यांनाही त्याने मागे सारलं. साहेब चुकून गावाकडे सरकत होते. धाकूने हात न लावता, फळीने हळूच त्यांचं तोंड समुद्राकडे वळवलं. लाट आली. साहेब लाटेबरोबर गुडघाभर पाण्यात.

“मेल्या!” तात्या किंचाळले. “साहेब गेले आणि त्यांच्याबरोबर तुझं कामही गेलं!”

धाकूने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“काम कुठे जातंय, तात्या? मोठे झाले की ह्याच किनाऱ्यावर परत येतील ना. अंडी घालायला.”