रिकामे कण

"आणि रिकामे कण कुणाला टोचले होतेस?"

आप्पांनी एवढंच विचारलं, आणि डॉक्टर हेरंब टिपणीसांची सुसाट सुटलेली गाडी खाडकन थांबली.

तासभर बोलत होता हो गडी! केसाच्या रुंदीत सातआठशे बसतील एवढे बारीक कण त्यानं बनवले होते. एकेका कणाच्या पोटात कॅन्सरवरची दोन औषधं. दोन्ही बरोबरीनं गाठीपर्यंत जाणार, वाटेत कुणाला धक्का नाही. उंदरांवर झालं, आता माणसांवर चाचणी सुरू होती. तिघांना दिलं होतं, सोमवारी आणखी नऊजणांना द्यायचं होतं.

त्या नऊजणांत आप्पांना घ्यावं, म्हणून तो कृष्णाकाठच्या या मठात आला होता. आप्पा कुंटे म्हणजे त्याला औषधशास्त्र शिकवणारे गुरू. निवृत्त होऊन इथल्या एका खोलीत राहत होते, आणि आता त्यांच्याच पोटात गाठ निघाली होती.

आप्पांच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. औषध ज्यातून न्यायचं ते वाहन आधी रिकामं टोचायचं, ते स्वतःच बाधत नाही ना हे बघायचं, मग पुढचं. पोरं हसायची. 'आप्पांचा रिकामा टेम्पो' म्हणायची. हेरंब सगळ्यात मोठ्यानं हसायचा.

"टोचले होते ना, उंदरांना," तो म्हणाला. "विशेष काही नाही."

"तुझ्या लेखात दिसले नाहीत."

"जागा कमी पडली, आप्पा."

आप्पा पावटे सोलत होते. दोनचार शेंगा सोलून झाल्या...

"बरं, येतो सोमवारी. पण आधी मला नुसते रिकामे टोच. ते सोसले तर भरलेले घेईन."

त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि काटकुळा हात पुढे केला.

"रिकाम्यांनी काय होणार, आप्पा? त्यात औषधच नाही."

"मग देशील ना?"

हेरंब त्या हातावरच्या निळ्या शिरेकडे बघत राहिला.

"नको," तो म्हणाला.

"का रे?"

हेरंबनं पावट्याची एक शेंग उचलली आणि सोलायला घेतली.

"अरे, बोल की."

"आठ उंदीर होते, आप्पा. पाच मेले."

"कशानं?"

"त्या आठवड्यात पिंजऱ्यांच्या खोलीतला एसी बिघडला होता. मी वहीत तसंच लिहिलं."

"त्याच खोलीतल्या बाकीच्या पिंजऱ्यांत किती मेले?"

"एकही नाही."

बघा, एवढा शिकलासवरलेला माणूस, आणि स्वतःच्या मनाची समजूत घालायला त्याला एक बंद एसी पुरला! आता मात्र धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं होतं.

"आणि ती तीन माणसं?"

"दोघं बरी आहेत. एक बाई आहेत कराडच्या, शिवणकाम करतात. त्यांचं यकृत सुजलंय. सगळे म्हणतात, औषधाचाच परिणाम. मीही... मीही मान हलवली."

आप्पांनी पावटे बाजूला सारले.

"परवा त्यांनी माझ्यासाठी पिशवी शिवून पाठवली, आप्पा. अंथरुणात बसून शिवली म्हणे. डॉक्टरांना द्या म्हणाल्या. मला लाज वाटते हो. फार लाज वाटते."

तो उठला, आणि त्यानं आप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"चुकलं माझं. मला क्षमा करा."

आप्पांनी पाय मागे घेतले. वर सारलेली बाही सावकाश खाली केली.

"मला कुठं टोचलंस तू?"